डाव्या हाताचा खालचा कोपरा

त्या कॉलेजात संगणकशास्त्राचा विभाग म्हणजे संगीताच्या इमारतीखालच्या तळघरातल्या दोन खोल्या आणि एक सर. विभागप्रमुख तेच, शिकवणारे तेच आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तर बाह्या सरसावून ओढणारेही तेच. वर कुणीतरी पियानोवर एकाच जागी अडखळत असायचं, खाली मुलं आपापल्या चुका शोधत असायची. कॉलेज सगळ्या विद्यांचं होतं. संगणकवाल्यांनाही इतिहास, तत्त्वज्ञान, शिल्पकला यातलं काहीबाही घ्यावंच लागे. ताईच्या वडिलांना हे कधी पटलं नाही. "कम्प्युटर शिकायला गेलीस की सगळ्या देवांना नमस्कार करायला?" असं ते फोनवर विचारत.

ताई शेवटच्या वर्षाला होती. पहिल्या वर्षाची मुलं अडली की 'ताई' म्हणून हाक मारत. पुढे सरही "ताईला विचारा" म्हणू लागले आणि तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. मोठ्या विद्यापीठात या कामाला शिकलेसवरलेले सहायक असतात. इथे तीच. दुपारी मुलांच्या शंका सोडवायच्या आणि त्यांनी पाठवलेले प्रोग्राम तपासायचे.

तपासण्याआधी, कॉपी पकडण्यासाठी, सगळे प्रोग्राम एकमेकांशी ताडून बघणारा एक प्रोग्राम चालवायचा असे. नावं बदला, ओळी मागेपुढे करा, तो आतला सांगाडा ओळखायचाच. पोरं त्याला 'सासू' म्हणत. सासू एरवी गप्प असे. भूलभुलैयातून वाट शोधण्याच्या असाइनमेंटला मात्र तिने दोन नावं शेजारी शेजारी आणून ठेवली.

एक होता कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याचं ताईला विशेष वाटलं नसतं. दुसरी होती बासरीवाली.

ही मुलगी आली होती संगीत शिकायला. एकदा स्वरलिपी छापायला तळघरात उतरली, प्रिंटर नेहमीप्रमाणे रुसलेला होता, तेवढ्या वेळात फळ्यावरचं कोडं बघत उभी राहिली आणि मग खालीच रमली. काही कळलं की ती "हां!" असं इतक्या जोरात म्हणायची की सर दारातून डोकावून बघायचे. ताईचा तिच्यावर जीव होता.

ताईने दोन्ही प्रोग्राम उघडले. भूलभुलैयाच्या चौकटी मोजताना संगणक वरच्या ओळीपासून सुरू होतो, आपण पानावर लिहितो तसा. या दोघांनी सगळ्यात खालच्या ओळीपासून मोजायला घेतलं होतं आणि शेवटी छापण्याआधी अख्खं चित्र उलटं करून सरळ केलं होतं. बाकी वर्गात कुणीही हा उद्योग केला नव्हता. असा द्राविडी प्राणायाम दोघांना आपापला सुचेल हे शक्यच नाही, असं ताईने सरांना लेखी कळवलं.

आधी मुलीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण आपली लाडकी म्हणून पांघरूण घातलं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने विचारलं नाही.

प्रकरण सचोटी समितीकडे गेलं. दोष सिद्ध झाला तर वर्षभर कॉलेजबाहेर. आणि वर्षभर बाहेर गेलेलं कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं.

समितीत इतिहासाच्या बाई आणि शिल्पकलेचे सर होते, आणि ती संगीताच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर बसली. लांब टेबलाच्या एका टोकाला ती दोघं, दुसऱ्या टोकाला आरोपी दोघं, मध्ये पाण्याचा जग. संगणकाचे सर कोपऱ्यात बसले होते आणि ताई फळ्याजवळ. बाहेर आभाळ इतकं खाली आलं होतं की दुपारीच दिवे लावावे लागले.

"मी कुणाचं बघितलेलं नाही," गोलकीपर म्हणाला. "आणि हिचं कशाला बघेन? मी हिला ओळखतसुद्धा नाही. कॉपी करायलाही थोडी ओळख लागते, बाई."

शिल्पकलेच्या सरांना हसू आलं. बाईंना आलं नाही. त्या बासरीवालीकडे वळल्या. "हे काम तुझं आहे?"

"पूर्ण माझं नाही."

"मग कुणाचं?"

"ते... नीट सांगता यायचं नाही. मला आपणहून सुचलं नव्हतं, एवढं खरं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कबूल केलंस. मग बोलायचं राहिलं काय?"

"थांबा हो," शिल्पकलेचे सर म्हणाले. "चोरीला नेमकं काय गेलं तेच मला कळलेलं नाही. मातीचं काम असतं तर अंगठ्याच्या ठशावरून सांगितलं असतं. ताई, जरा फळ्यावर काढून दाखव बघू. मला कळेल असं."

ताईने खडू घेतला. चौकटींची जाळी आखली, दोन-चार भिंती काळ्या केल्या. "समजा आपल्याला इथून निघायचंय," ती म्हणाली आणि तिचा हात आपसूक खाली गेला, डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे तिने शून्य लिहिलं. वरच्या चौकटीत एक. त्याच्या वर दोन.

खडू तिथेच थांबला.

शाळेत आलेखाच्या कागदावर ती अशीच मोजायला शिकली होती, खालून वर. तिचे स्वतःचे प्रोग्रामही असेच उलटे चालत आणि शेवटी सरळ होत. ही सवय हाताला इतकी जडली होती की स्वतःची म्हणून तिला ती कधी दिसलीच नव्हती; दिसली ती या दोघांच्या प्रोग्राममध्ये. गोलकीपर सरावानंतर ओल्या केसांनी शंका घेऊन आला होता. बासरीवाली वेगळ्या दिवशी, एकटी. दोघांनाही तिने आलेखाच्या कागदावर काढून दिलं होतं. बाकीच्यांना अडलंच नव्हतं. त्यांनी सरांचं वर्गातलं ऐकून केलं होतं.

कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. कोपऱ्यातले सर चष्मा पुसत होते. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी शिफारस लिहिणारे तेच होते. खडू ठेवून मूग गिळून बसली असती तर मुलीने कबूल केलेलंच होतं.

"चोरी झालेली नाही," ताई म्हणाली. "दोघांचं सारखं आहे, कारण दोन्ही माझं आहे." आणि तिने सगळं सांगितलं, अगदी मुद्देसूद.

समितीला निकाल द्यायला वेळ लागला नाही. दोघंही निर्दोष. बाहेर आल्यावर सरांनी चष्मा चढवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले, पण आवाजात गंमत नव्हती. "अगं, तू शंका सोडवत होतीस की प्रोग्राम वाटत होतीस? उद्यापासून दुपारी मीच बसतो."

"सुटलो बाबा," गोलकीपर जिना उतरता उतरता म्हणाला. "ताई, तू आमच्या संघात असतीस तर स्वतःवरच गोल केला असतास." तो गेला. त्याने तो विषय नाहीतरी वेळापत्रकात बसतो म्हणूनच घेतला होता.

बासरीवाली जिन्यापाशी थांबली होती.

"माझं नाव का नाही घेतलंस?" ताईने विचारलं. "ताईने शिकवलं, एवढं म्हटलं असतंस तरी पुरे होतं."

"तक्रार तूच केलीस असं कळलं होतं." मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली. "मला वाटलं, ताई म्हणतेय म्हणजे मी नक्कीच चोरलं असणार. ते मलाच कळलं नसेल."

"झालं ना आता," ताई कशीबशी म्हणाली. "सुटलीस. पुढच्या असाइनमेंटला ये, आपण पहिल्यापासून..."

"नाही येणार. विषय सोडतेय मी."

"वेडी आहेस का? तुला निर्दोष ठरवलंय!"

"कशावरून ठरवलं, ताई? मला काहीच सुचलं नव्हतं यावरून." ती किंचित हसली. "मला आपलं वाटत होतं, मला येतंय."

"वाट शोधायचा भाग तर तुझाच आहे. अडलं की मागे फिरायचं, ते तू लिहिलंस."

"मी लिहिलं. तोंडाने कोण सांगत होतं?"

ताई ती दुपार आठवू लागली. आलेखाचा कागद आठवला, वरचा अडखळता पियानो आठवला, ते "हां!" आठवलं. पण त्याच्या आधी शेवटचं वाक्य कुणी उच्चारलं होतं, ते काही केल्या आठवेना. तिने त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मुलांना कळतंय याचाच तिला इतका आनंद व्हायचा.

"तूच लिहिलं होतंस," तरीही ती म्हणाली.

मुलीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, परीक्षेत उत्तराची खात्री नसलेल्याकडे बघावं तसं, आणि जिना चढून वर संगीताच्या वर्गांकडे गेली.