धामणीचे बाण

वैदेही शहरात, मुकुंदवाडीतल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला होती. दोन वर्षं तिरंदाजी शिकल्यावर तिला दुकानातले बाण नकोसे झाले. लाकडाचा बाण आपल्या हातानं करायचा, असं तिनं मनावर घेतलं. कन्नड गावाजवळच्या एका वस्तीवर मुंजाबा नावाचे म्हातारे धनगर असे बाण करतात, हे कळल्यावर ती दर रविवारी एसटीनं तिकडं जाऊ लागली.

मुंजाबांनी मेंढरं केव्हाच विकली होती. तरुणपणी घाटातल्या एका भिल्ल सोबत्याकडून ते हे काम शिकले होते. घरात बायको बानाबाई आणि नात अक्षदा. अक्षदा एकोणीस वर्षांची; पोलीस भरतीसाठी पळायची आणि संध्याकाळी आजोबांच्या धनुष्यानं बाण मारायची.

धामणीच्या झाडाची चिवट, वाळलेली काठी उभी फाडायची, चाकूनं तासायची, काचेच्या तुकड्यानं गुळगुळीत करायची, निखाऱ्यावर शेकून सरळ करायची. पहिले दोन महिने वैदेहीची एकही काठी सरळ झाली नाही. मुंजाबा कधी रागावले नाहीत. एकच गोष्ट मात्र ते दर वेळी सांगत.

"ताई, पिसं बांधायच्या आधी काठी कानापाशी धरून वाकवायची. जरा जरी कट वाजलं तर आत चीर हाय समजायचं, अन् काठी चुलीत. लई देखणी असली तरी."

चौथ्या महिन्यात तिच्या सहा काठ्या जमल्या. त्यांतली एक तर मुंजाबांच्या हातची वाटावी अशी. ती वाकवताना वैदेहीला बारीकसा आवाज आला. तिनं पुन्हा वाकवली, तेव्हा काही आलं नाही. आपल्या बोटाचाच आवाज असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

"समद्या वाकवून बघितल्या व्हय?" मुंजाबांनी विचारलं.

"हो, काका."

त्यांनी सहाही काठ्यांवरून नुसती नजर फिरवली आणि पिसं बांधायला मान डोलावली.

पुढच्या रविवारी अक्षदा म्हणाली, "ताई, तुमचे बाण पहिल्यांदा मी मारणार." दोन बाण नीट गेले. तिसरा सुटता सुटता दुभंगला आणि त्याचा अर्धा तुकडा धनुष्य धरलेल्या तिच्या डाव्या तळहातातून आरपार गेला. ती हाताकडं बघत खाली बसली. जीपनं कन्नडला, तिथून शहरातल्या दवाखान्यात. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारचं बोट मिटेना. भरतीचं स्वप्न संपलं.

"माझी नजर गेली," मुंजाबा येईल त्याला सांगत. "काठी मीच पास केली." उरलेली धामण त्यांनी जाळून टाकली आणि दुसऱ्याच्या शेतावर राखणीला जाऊ लागले.

वैदेही फळं घेऊन जात राहिली. दर वेळी सांगायचं ठरवून निघायची आणि चहा पिऊन परत यायची. असे पाच महिने गेले. एका रविवारी मुंजाबांनी तिच्यापुढं हात जोडले. "ताई, तुमच्या बाणाला बट्टा लागला माझ्यापायी."

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "काका, आवाज आला होता. मला ऐकू आला होता."

बानाबाईचे भाकरी थापणारे हात थांबले.

"चूक कुणाच्या बी हातनं होते ताई," मुंजाबा म्हणाले. "पर इतके दिस मला सांगायचं नाय?"

ते उठून बाहेर गेले. वैदेही ताटकळत बसली; ते परत आले नाहीत.

फाट्यापर्यंत अक्षदा सोबत आली. डावा हात ओढणीत गुंडाळलेला. गाडी दिसल्यावर ती म्हणाली, "ताई, आता येत जाऊ नका. आबा बोलायचे नाहीत, म्हणून मी सांगते."

"तू तरी मला माफ..."

"मला नाय सांगता येत अजून."

वैदेही गाडीत चढली. खिडकीतून तिनं बघितलं, तेव्हा अक्षदा पाठमोरी होऊन वस्तीच्या वाटेला लागली होती. वैदेही पुन्हा कन्नडला गेली नाही. धनुष्यही तिनं तिरंदाजीच्या क्लबला देऊन टाकलं. कचेरीत कुणी विचारलं, की ती एवढंच म्हणते, "सोडलं."