एकोणीस हजार पांढऱ्या पेशी

मी रक्तातल्या पेशी मोजायची काच बोलतेय. बोटभर लांब, चांगली जाड. पोटावर इतक्या बारीक चौकटी कोरलेल्या, की नुसत्या डोळ्यांना दिसायच्या नाहीत. १९५६ साली मी चाकणच्या एका दवाखान्यात आले. तिथं रक्त तपासायच्या कुसुमताई. मला पुसायला त्यांनी कधी पदर वापरला नाही. मऊ, धुतलेलं कापडच.

एका सकाळी सारजाबाई नातवाला छातीशी धरून आल्या. बाळ आदल्याच दिवशी तिथल्या बाळंतिणींच्या खोलीत जन्मलेलं.

"ह्याचा थोरला भाऊ आठ दिसांत तापानं गेला, ताई. ह्याचं रगत बघा."

टाचेतला थेंब माझ्यावर आला. कुसुमताईंनी पांढऱ्या पेशी मोजल्या. एकोणीस हजार!

नवे डॉक्टर चमकले. "अकरा हजारांच्या वर? रक्तात दोष आहे. बाळाला आजच पुण्याला हलवा."

बाळाची आई रतनबाई उठून बसूही शकत नव्हती. म्हणजे बाळ आईवाचून जाणार. सारजाबाईंनी बाळाला आणखी घट्ट धरलं.

"साहेब, अकरा हजार हे मोठ्या माणसाचं माप," कुसुमताई म्हणाल्या. "कालच्या जिवाला ते कसं लावायचं? ताप नाही, दूध ओढतंय."

"कशावरून म्हणता?"

"शिकताना वाचलंय. पण माझं राहू द्या, मोजूनच बघू."

रतनबाईच्या शेजारच्या खाटांवर दोन धडधाकट बाळं होती, तीही कालचीच. त्यांच्या आयांना विचारून थेंब घेतले. एकाच्या सतरा हजार, दुसऱ्याच्या बावीस! डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पुन्हा मोजलं. तेच. माणूस सच्चा, "चुकलो मी," म्हणाले, आणि बाळ आईच्या कुशीतच राहिलं. त्यांनी रोज येऊन त्याला तपासलं. आठव्या दिवशी मोजलं, तर बारा हजार. पेशी आपसूक उतरल्या होत्या.

सारजाबाई माझ्यावर हळदकुंकू वाहायला निघाल्या. "अहो, काचेला नको!" कुसुमताई ओरडल्या.

"मग तुमाला तरी लावते," म्हणत सारजाबाईंनी त्यांचं कपाळ भरून टाकलं.

पुढं माझ्या काठाचा टवका उडाला. नवी काच आली, मी कपाटात कापसावर पडले. तान्ह्याच्या रक्ताचा आकडा ऐकून घाबरण्याआधी बाळ किती दिवसांचं आहे ते विचारा, एवढीच माझी विनंती. आणि गर्व म्हणा हवं तर, पण डॉक्टरांनी भिंतीवर तान्ह्या बाळांच्या मापांचा वेगळा कागद लावला, त्यातले पहिले तीन आकडे माझ्या पोटावर मोजलेले आहेत.