मोजून मापून अर्धी

१९५८ साली माझे दोन तुकडे झाले. त्याआधी मी अख्खी होते.

मित्रांनो, मी स्वीडनमधली तांब्याची जुनी पाटी आहे. खरे तर नाणे. १७४१ मध्ये आवेस्ताच्या टाकसाळीत माझ्या चार कोपऱ्यांवर चार आणि मधोमध एक असे पाच ठसे उमटले. आमच्याकडे चांदी कमी, तांबे भरपूर, म्हणून एकेक नाणे तीन तीन किलोंचे. लोक मला पाठीवर बांधून बाजारात नेत आणि वाटभर शिव्या देत. पुढे मी चलनातून गेले आणि एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात राहिले. नाताळात डुकराच्या मांसाची वडी माझ्याखाली दाबून ठेवत.

त्या घरातली हुल्डा वारली, तेव्हा तिची मुले वाटणीला बसली. सिग्नेने बारा वर्षे आईचे सगळे केले होते. धाकटा टोर्स्टेन स्टॉकहोमहून सणापुरता येई. चमचे निम्मे झाले, चादरी निम्म्या झाल्या. मी उरले.

"ही आईनं मला दिलीय. विकायची नाही," सिग्ने म्हणाली.

"कागद आहे?"

"मरताना कागद करत बसली नव्हती ती."

"मग अर्धी माझी. न्याय म्हणजे न्याय, ताई."

"लहानपणी पावाचा मोठा तुकडा कुणाला म्हणून रडायचास. अजून तसाच आहेस. जा, आण करवत."

ती रागाने बोलली. त्याने खरेच आणली. मोजपट्टी लावून रेघ मारली. सिग्नेने मला धरले, त्याने कापले. मधला ठसा दुभंगला.

ही बोलणारी अर्धी मी टोर्स्टेनच्या वाट्याला आले. त्याने मला लिंडेल नावाच्या नाणेसंग्राहकाकडे नेले. लिंडेलने भिंगातून पाहिले आणि तो खाली बसला.

"अख्खी असती तर घर गहाण टाकून घेतली असती हो. हे कुणी केलं?"

"बहिणीनं," टोर्स्टेन म्हणाला आणि भंगाराच्या भावाने मला देऊन गेला.

भावंडे पुन्हा बोलली नाहीत. टोर्स्टेन १९७९ मध्ये गेला. सिग्ने त्याच्या अंत्यविधीला आली नाही. ती वृद्धाश्रमात वारली. तिच्याकडचा माझा भाग कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. लिंडेलच्या नातवाने मला खालच्या खणात ठेवले आहे, 'सदोष' अशी चिठ्ठी लावून.

मित्रांनो, घराच्या वाटणीत अशी एखादी वस्तू निघाली, तर ती दुसऱ्याला देऊन टाका. तुमच्यावर अन्याय होईल. होऊ द्या.