गुंड्याची दृष्ट

आमच्या गुंड्याच्या खाजेत माझा काडीचाही दोष नाही, असं मी दीड महिना अख्ख्या मुलुंडला सांगत होते.

गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. सदानकदा पंजे चाटायचा, कान ओरबाडायचा, पोट तर खाजवून खाजवून लालभडक. डॉक्टर स्वरदाने कातडी खरवडून तपासली. खरूज नाही, पिसवा नाहीत. म्हणाली, "आजी, बहुतेक खाण्यातलं काहीतरी त्याला सोसत नाहीये. आठ आठवडे फक्त हे पाकिटातलं खाणं. बाकी कणसुद्धा नाही. आणि रोज किती खाजवतो ते लिहून ठेवा."

लिहायचं म्हटल्यावर आमची सून उत्तरा खूश! कॅलेंडरवर रोज टिंब. बरा दिवस हिरवा, वाईट दिवस लाल. वर मला बजावलं, "आई, आठ आठवड्यांत फरक नाही पडला तर माझा भाऊ राजेश त्याला चेंबूरला न्यायला तयार आहे. मला हे रोज नाही बघवत."

राजेशकडे बंगला, बाग, सगळं झकास. पण हे गेल्यापासून दुपारभर माझी बडबड ऐकणारा घरात गुंड्याच एकटा. तो गेला तर मी काय भिंतींशी भांडू?

सहा आठवडे झाले आणि टिंबं बघून उत्तरा म्हणाली, "विचित्रच आहे. दर बुधवारी आणि रविवारी लाल."

"म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी त्याला कोणीतरी चारतंय," मी म्हटलं. "आणि कोण ते मला माहितीये."

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार. संध्याकाळी गेटपाशी उभा राहून गुपचूप काहीतरी चघळत असतो आणि गुंड्या त्याच्याकडे बघून शेपूट हलवतो. शनिवारी मी त्याला गाठलाच.

"खिसे उलटे कर!"

"काकू, काय हे?"

"कर म्हणते ना!"

खिशातून निघाली खारी. वॉचमन बघतोय, समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बघतंय.

"माझी आहे हो!" नंदकुमार रडकुंडीला आला. "डॉक्टरांनी बंद केलीय, घरी सुलक्षणा खाऊ देत नाही. गुंड्याला आजवर एक तुकडा दिला असेल तर शपथ!"

तासाभरात सुलक्षणाला कळलं आणि बिचाऱ्याची खारी बंद झाली. मला जरा वाईट वाटलं. जरासंच.

पण रविवारी टिंब पुन्हा लाल! सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरकडे. स्वरदाने कॅलेंडर उलटसुलट बघितलं. "मंगळवारी, शनिवारी घरात वेगळं काही होतं का?"

"चांगलंच होतं," मी ठसक्यात म्हटलं. "मी त्याची दृष्ट काढते. एवढा गोजिरवाणा कुत्रा, नजर लागणार नाही तर काय! मीठ-मोहऱ्या आणि चपातीचा तुकडा ओवाळून टाकते."

"तो तुकडा कुठे टाकता?"

"कुठे म्हणजे? कुत्र्याला घालायचा असतो. एवढंही ठाऊक नाही तुला?"

"कुठल्या कुत्र्याला, आजी?"

मी गुंड्याकडे बघितलं. तीन जिने उतरून नाक्यावरच्या कुत्र्याला घालायला माझे गुडघे कुठे राहिलेत? समोर एक कुत्रा आयता बसलेला असतो, शेपूट हलवत.

उत्तरा माझ्याकडे बघतच राहिली. "आई! गव्हाची चपाती! राजेशकडे तुम्हालाच पाठवायला हवं होतं!" मग तिला हसू आवरेना. डॉक्टरलाही नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. माझं लाडकं पोर, सहा आठवडे मीच त्याला खाजवायला लावत होते.

घरी येऊन उत्तराने जुनी टिंबं खोडली आणि नवीन 'पहिला दिवस' लिहिला. चेंबूरचं नाव काढलं नाही. मी नंदकुमारची माफी मागून आले. दृष्ट आता नुसत्या मीठ-मोहऱ्यांची.

रात्री जेवायला बसले तर गुंड्या नेहमीसारखा पायाशी येऊन ताटाकडे टक लावून बसला. "नाही," मी म्हटलं. सहा आठवडे हे उत्तराच म्हणायची, आज पहिल्यांदा मी म्हटलं. त्याने माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला, आणि हातातली चपाती काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.