अग्राफेनाची सात झुडपं

ओब्लेपिखाच्या काटेरी झुडपाला आमच्या सायबेरियातली उणे चाळीसची थंडीही काही करत नाही. अग्राफेनाच्या सात झुडपांना भीती होती ती तिच्या नवऱ्याची. पाच वर्षांत एकावरही नारिंगी फळ धरलं नव्हतं, आणि प्रोखोरला तिथं वाफेच्या स्नानासाठी खोली बांधायची होती.

"सप्टेंबरपर्यंत फळ दिसलं नाही, तर तोडणार," असं त्यानं सांगून टाकलं होतं.

मे महिन्यात अग्राफेना कुंपणापलीकडून माझ्याकडे आली. शाळेत मी तिला वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं.

"बाई, राख घातली, पाणी घातलं, रोज बोलते त्यांच्याशी. अजून काय करू?"

"रोपं कुठून आणलीस?"

"गल्लीत फिरून. प्रत्येक बागेतल्या फळांनी लगडलेल्या झुडपाचीच फांदी मागितली. बिनफळाची कोण लावतं?"

"अगं, फळ फक्त मादी झुडपालाच धरतं. तू सात बायका आणल्यास आणि नवरा एकही नाही."

कुंपणापलीकडून प्रोखोर म्हणाला, "सुखी आहेत की मग."

गल्लीत नर झुडूप एकच होतं, कपितोलिनाकाकूंकडे. वारा त्याचे परागकण गल्लीभर नेई, पण वाऱ्याच्या उलट टोकाला असलेल्या अग्राफेनाच्या बागेत ते पोचत नसत. त्यालाच अग्राफेना दोन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत 'फुकटखाऊ' म्हणाली होती. तेव्हापासून काकू तिच्याशी बोलत नव्हत्या. तरी गेली बिचारी. मीही सोबत गेले.

काकूंनी ऐकून घेतलं. "फुलोऱ्याच्या फांद्या देईन. पण आधी त्याची माफी माग."

"झुडपाची?"

"नाव तू त्यालाच ठेवलं होतंस, मला नाही."

अग्राफेना झुडपापुढे वाकली. "चुकले मी. मला माहीत नव्हतं."

"मोठ्यानं. गल्लीनं ऐकलं होतं तेव्हा."

ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली. फांद्या मिळाल्या. पाण्याच्या बादलीत घालून आम्ही त्या वारा येतो त्या बाजूला उंच टांगल्या. परागकण वाऱ्यावर गेले.

ऑगस्टअखेर सातही झुडपं इतकी लगडली, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. प्रोखोरनं मूठभर फळं तोंडात टाकली, आंबटपणानं डोळे मिटले आणि स्नानाच्या खोलीचा नकाशा घेऊन काकड्यांच्या वाफ्याकडे गेला.

पुढच्या वसंतात काकूंनी नर झुडपाच्या मुळाशी फुटलेलं एक रोप स्वतः आणून दिलं. प्रोखोर खड्डा खणत होता, काकू काठावर उभ्या होत्या.

"अजून खोल खण. माझं पोरगं कायमचं राहायला आलंय इथं."

"सात सुना, काकू," प्रोखोर घाम पुसत म्हणाला, "त्याला विचारलंत का?"