वेण्यांचं पांघरूण

माझ्या ताईला कुणी हट्टी म्हटलं की मला हसू येतं. हट्टी माणसाला निदान आपण हट्ट करतोय एवढं तरी कळतं. ताईला वाटतं, आपण सरळ चाललोय आणि बाकीचं जग उगाच वळसे घेतंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात माझ्या ताईसारखी एक तरी बाई असणार.

ताई औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना दुखण्यावरच्या गोळ्या काढून देते आणि तिच्या स्वतःच्या हातांना संधिवात आहे. आधी अंगठ्याच्या बुडाशी सुरू झाला, मग बोटांच्या पेरांवर चढला. सकाळी तिच्या मुठी उघडत नाहीत. कोमट पाण्याच्या टोपात हात बुडवून बसते, तेव्हा कुठे बोटं तिचं ऐकायला लागतात. लहान मुलांच्या काही औषधांची बाटली उघडून, आतल्या भुकटीत पाणी घालून द्यावी लागते. ते झाकण ताईला पिळता येत नाही. मग ती बाटली आई-बापांपुढे सरकवते आणि म्हणते, "इथेच उघडून बघा बरं. घरी झाकण अडलं म्हणजे पुन्हा हेलपाटा." ते उघडतात, वर "किती काळजी घेता हो!" म्हणून आभार मानून जातात. मी एकदा शेजारी उभी होते. बाहेर येऊन इतकी हसले की ताईने मला दटावलं, "दात काय काढतेस? काम झालं ना?"

आम्हा दोघींना विणकाम आईने शिकवलं, एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवून. आईचा एक नियम होता : ओळ अर्धी सोडून उठायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. आग विझवायला बाबा आहेत. आईचा हात घट्ट, म्हणून आमचेही घट्ट. विणणाऱ्या माणसाचा हात त्याच्या अक्षरासारखा असतो, कुणाचा सैल, कुणाचा आवळ. आम्हा बहिणींचा मात्र इतका सारखा, की लहानपणी एका स्वेटरची एक बाही ताईने आणि एक मी विणली होती आणि कुठली कुणाची हे आईलाही सांगता आलं नव्हतं. बाकी कशातच आम्ही सारख्या नाही. ती मूग गिळून बसते, माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही.

ताईला मूल नाही. मला एक लेक आहे, आणि तिला जन्म देण्यापलीकडचे सगळे लाड ताईने केलेत. लेक कॉलेजात गेली त्या वर्षी ताईने तिच्यासाठी पांघरूण विणायला घेतलं. बदामी रंगाची लोकर, आणि खालपासून वरपर्यंत जाड जाड वेण्या. "ही शिकून बाहेर पडेल तोवर हिचं पांघरूण तयार," असं सगळ्यांसमोर सांगून बसली. ते अर्धं झालं आणि हात गेले. पण ते अर्धं काय होतं म्हणून सांगू! एकेक वेणी अशी उठून दिसायची की बोट फिरवायचा मोह आवरत नसे. माझ्यासारख्या खोडी काढणाऱ्या बाईलाही त्यात नाव ठेवायला जागा सापडली नाही. नंतर ते सुयांसकट कपाटात गेलं, आणि ताईने त्याचं नाव काढणं सोडलं. आम्हीही सोडलं.

मग लेकीला परदेशात नोकरी लागली. तिकडे म्हणे आठ आठ महिने थंडी असते. पावणेदोन महिन्यांनी निघायचं होतं. बातमी सांगायला आम्ही ताईकडे गेलो, तिने भाचीला जवळ घेतलं, गोड खायला दिलं, आणि आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात कपाट उघडल्याचा आवाज आला.

"ताई, काय करतेस?" मी विचारलं.

"बघतेय कसर लागली का," ती म्हणाली.

कसर कुठली लागतेय! दुसऱ्या दिवसापासून बाई विणायला बसली.

तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. कुठलीही वस्तू अडली की तिला रबर लावून बघायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी सुयांच्या मागच्या टोकांना सायकलच्या मुठीचं रबर बसवून दिलं, म्हणजे पकडायला जाड. लांब सुयांवर पांघरुणाचं वजन मनगटावर यायचं, म्हणून ताईने मधे लवचिक तार असलेली सुई आणली. वजन सगळं मांडीवर. स्वयंपाकघरातला टायमर शेजारी ठेवला. तो वाजला की हात थांबलेच पाहिजेत. ओळ कुठेही असो, टाका अर्धा असो, ती सुई खाली ठेवायची आणि बोटं कोमट पाण्यात घालायची.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "अगं, ओळ अर्धी आहे! आई असती तर?"

"आईची बोटं सरळ होती," ताई म्हणाली.

सगळ्यात वाईट काम वेणी वळवण्याचं. तीन टाके काढून एका आखूड सुईवर घ्यायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग ते बाजूला ठेवलेले. सरळ बोटांनाही त्याचा कंटाळा येतो. ताईचे ओठ पांढरे व्हायचे. शिव्या द्यायची तिला सवय नाही, मग ती दुकानातल्या गोळ्यांची लांबलचक नावं दात चावून म्हणायची. जितकं दुखणं जास्त, तितकं नाव लांब. पलीकडच्या खोलीतून भाऊजी विचारायचे, "चार अक्षरी की आठ?" आणि ती म्हणायची, "आठ." मग ते उठून पाणी गरम करायला ठेवायचे. मला त्या दोघांचं हे बोलणं ऐकवायचं नाही, आणि ते लपवायला मी कुणावर तरी ओरडायची.

पुढे एका रविवारी मी पांघरूण पलंगावर पसरलं आणि कपाळाला हात लावला.

खालचा भाग जिथे होता तिथे होता, पण वरचा, म्हणजे हल्लीचा, दोन्ही बाजूंनी फुगत बाहेर चालला होता. टाके तेवढेच, लोकर तीच, पण आता ताईची बोटं दोरा आवळून धरू शकत नव्हती. हात सैल पडला होता. खाली कोट शिवायला घेतला आणि वर घागरा झाला, असं ते दिसत होतं. टाके कमी करून रुंदी सारखी करावी, तर वेण्या मधेच मोडल्या असत्या.

मी काय गप्प बसणारी! "ताई, हे जमलेलं नाही."

"मला डोळे आहेत," ती म्हणाली. "हात गेलेत."

तिने बारीक सुया घेऊन बघितल्या, म्हणजे वीण आवळ येईल. आली. तिसऱ्या संध्याकाळी बोटं अशी सुजली की तिला कप उचलता येईना. दोन दिवस भाऊजींनी कप तिच्या ओठांना लावला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विणा, पण मोकळ्या हाताने. आवळाल तर उरलंसुरलंही गमवाल. म्हणजे घट्ट वीण आता जन्मात नाही. हे ताईने मला सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगावं तसा.

मग मी ते बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. "ताई, सैल झालंय तेवढं उसव. पुढचं मी विणते. आपला हात सारखा आहे. लेक निघायच्या आत संपवते, आणि कुणाच्या बापाला कळणार नाही."

 मी तिच्याकडची शिल्लक लोकर घेऊन गेले आणि घरी वीतभर नमुना विणला, तशीच वेणी घालून. दोन दिवसांनी नेऊन तिच्या जुन्या विणीशेजारी ठेवला. भाऊजींनी चष्मा लावून पाहिलं आणि हात टेकले. ताईने डोळे मिटले आणि बोटांच्या टोकांनी आधी एक चाचपलं, मग दुसरं.

"माझाच हात," ती म्हणाली. "अगदी माझाच."

"मग ठरलं?"

"दोन दिवस थांब."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. लेकीला पांघरूण मिळेल, ताईचं ते सुंदर अर्धं वाया जाणार नाही, आणि तिची दुखणी थांबतील. यात कुणाचं काय वाईट होतं? आजही मला त्यात काही वाईट दिसत नाही. म्हणून तर पुढचं इतकं माझ्या जिव्हारी लागलं.

दोन दिवसांनी गेले तर ताई पलंगावर बसलेली, पांघरूण मांडीवर, सुई काढून बाजूला ठेवलेली. "बरी आलीस," ती म्हणाली. "मी उसवते, तू गुंडा कर. मला गुंडाळताना त्रास होतो. ओढायला काही होत नाही."

मी खुर्ची ओढली आणि बसले. ती दोरा ओढत होती, टाके टपटप सुटत होते, मी गुंडाळत होते. मी बोलत होते, अर्थात. लेकीच्या बॅगेत काय काय भरलं, तिने काय काय परत बाहेर काढलं. सैल वीण भराभर संपली. मग दोरा जरा अडकत यायला लागला. मी खाली पाहिलं. वीण आवळ होती.

"ताई, थांब! जुनं लागलं!"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि ओढत राहिली.

मी गुंडा टाकला आणि तिचं मनगट धरलं. मग आठवलं की ते दुखतं, आणि सोडलं. "तुला वेड लागलंय का? हे तुझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे! असं पुन्हा होणार नाही!"

"नाहीच होणार."

"मग का मोडतेस? मी पुरं करून देते म्हटलं ना!"

"तू छान करशील." तिने दोरा सोडला नव्हता. "पण मग मी हे रोज बघणार आणि म्हणणार, इथपर्यंत मी होते. इथून पुढे मी नाही. मला नको ते. मी आहे अजून."

मी खुर्चीत मागे टेकले. 

"तो हात गेला गं," ती म्हणाली. "छान होता. त्याच्या मापाने विणत बसले तर हाही जाईल. हा सैल आहे, पण खालपासून वरपर्यंत सैल विणलं की तेच त्याचं माप. टाके मी मोजून ठेवलेत, वेण्यांचे जुने वळसेही; आता टाके कमी घालणार. जाड सुया आणल्यात."

"आणि पोरगी? ती महिन्यात निघाली."

"तिला मी सकाळीच सांगितलं. थंडी काय एकाच वर्षी पडते का?"

"पुन्हा इथवर पोचशील याची काय खात्री?"

"काही नाही," ताई म्हणाली. "उचल तो गुंडा. पलंगाखाली गेला."

मी वाकून गुंडा काढला. वर आले तेव्हा माझं तोंड ओलं होतं, आणि तिने ते पाहिलं आणि पुन्हा दोरा ओढायला लागली. मी गुंडाळत राहिले. एकेक वेणी माझ्या डोळ्यांसमोर उकलून सरळ दोरा होत होती. मला माझ्या बहिणीचा राग आला होता आणि इतका अभिमान वाटत होता की दोन्ही एकदम कुठे ठेवावेत कळत नव्हतं. माझ्या हातून हे झालं नसतं. हात धड असूनही झालं नसतं.

लेक पांघरुणाशिवाय गेली. निघताना मावशीच्या बोटांचं एकेक पेर कुरवाळून गेली. मी लोकरीच्या लड्या करून धुतल्या, कुरळेपणा जावा म्हणून ओल्याच दोरीवर टांगल्या आणि खाली वजनं लावली. एवढंच माझं काम, आणि तेही मी कुरकुर करतच केलं.

ताईने नव्याने टाके घातले. वीण मोकळी येते, मऊ, हात घातला तर बोटं आत रुततात. वेण्या पूर्वीसारख्या उठून दिसत नाहीत, पसरट पडतात. पण कडा सरळ आहे. मधे दोन आठवडे तिने सुईला हात लावला नाही, एवढं दुखत होतं. मधे कधी एका संध्याकाळी एकच ओळ झाली. कितवर आलं हे मी विचारत नव्हते. मला विचारायची भीती वाटायची, हे कुणाला सांगू नका.

परवा दुपारी तिचा फोन आला.

"ऐक," ती म्हणाली. "वेणीचे वळसे मोजले. पहिल्यांदा हात गेले तेव्हा जिथे थांबले होते ना, त्याच्या पुढे गेले."

"किती पुढे?"

"एक ओळ."

मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे निघाले.