तर्रीचा वाटा

कोलेस्टेरॉल उतरलेलं पाहून डॉक्टरांनी शाबासकी दिली, तेव्हा चंपतराव फुगले. घरी जेवायला बसताच ते बायकोला, ताराबाईंना म्हणाले, "पाह्य! डॉक्टर वर्सानुवर्सं तर्री सोडा म्हणत होता. सोडली का मी?"

मटणाच्या रश्श्यावर तर्रीचा लाल थर दिसला नाही, तर ते ताटावरून उठायचे.

ताराबाई हसल्या. "तुमी नाही सोडली, मीच काढत होती. पातेलं तेवढं तुमाले दाखवायची. मंग वरची चरबी काढून खालचा रस्सा वाढायची, वरून चमचाभर लाल सोडायची."

चंपतरावांचं डोकं सणकलं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं. आपण तिच्यावर ताटं आपटत होतो, अन् ही आपला जीव राखत होती!

"लय उपकार केले तुनं," ते कसेबसे म्हणाले. "काढलेली तर्री कुठं टाकत होती?"

"टाकते कशी? अन्न हाय ते."

त्यांनी तिच्या वाटीकडे पाहिलं. तर्री काठोकाठ तरंगत होती.

चंपतरावांनी वाटी बाजूला सरकवली.

"उद्या सकाळी काही खाऊ नोको," ते म्हणाले. "आता तुहं रक्त तपासाचं हाय."